आधी हिशेब, मग हार

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातले एक गृहस्थ परराष्ट्र सेवेत राजदूतपदापर्यंत पोचले, निवृत्तीनंतरही एका आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कामासाठी बाहेरच राहिले, आणि आता पंचाहत्तरी उलटल्यावर सपत्नीक कायमचे गावी येत आहेत. स्वागत समिती नेमली आहे. एसटी स्टँडपासून उघड्या जीपमधून मिरवणूक, संध्याकाळी नागरी सत्कार, मानपत्र, अकरा संस्थांचे हार असा बेत ठरतो आहे. यात काय राहून जातंय आणि शिष्टाचारात काय चुकू नये, असं विचारलं आहे.

आधी माझी कुवत सांगतो. मी राजदूत नव्हतो, दूतावासातला हिशेबनीस होतो. एकतीस वर्षांत पाच देश झाले. साहेब बदलले की जुन्या साहेबांच्या बंगल्यातल्या सामानाची यादी करणं, पाहुणचाराच्या खर्चाची बिलं जुळवणं, येणं-बाकी काढून ‘नो ड्यूज’चा कागद हातात देणं हे माझं काम. साहेबांना विमानतळावर निरोप द्यायला सगळा दूतावास जायचा. मी मागे त्यांच्या फाइली बांधत बसायचो. निवृत्त होऊन साताऱ्याकडे आलो, तेव्हापासून अशा तीन स्वागत समित्यांवर बसलोय. एकीत माझं कोणी ऐकलं नाही, दुसरीत अर्धं ऐकलं, तिसरीत ऐकलं.

त्यामुळे माझं उत्तर हारापासून सुरू होत नाही. परतलेला माणूस आणि त्याला पाठवणारे यांच्यातला हिशेब मिटलाय का, हे मी आधी बघतो. हा माझा धंद्याचा दोष म्हणा हवं तर. पण एक उदाहरण आहे, सव्वादोनशे वर्षांहून जुनं, आणि मी तरी त्याच्याइतकं बोलकं दुसरं पाहिलेलं नाही. ते म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात फ्रान्समध्ये तिचा राजदूत असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनचं आपल्या शहरात, फिलाडेल्फियाला, परत येणं.

१७७६ च्या ऑक्टोबरात फ्रँकलिन फिलाडेल्फियाहून निघाला तेव्हा सत्तर वर्षांचा होता. बरोबर दोन नातू, त्यातला धाकटा बेनी सात वर्षांचा. फ्रान्सच्या राजाला आपल्या बाजूला वळवायचं, पैसा आणि दारूगोळा मिळवायचा, हे काम. ६ फेब्रुवारी १७७८ ला फ्रान्सशी तह झाला, ३ सप्टेंबर १७८३ ला इंग्लंडशी शांततेचा तह झाला. ‘आता मला परत बोलवा’ असं तो कधीपासून लिहीत होता. बोलावणं आलं ते १७८५ च्या मे महिन्यात. तोवर मूतखड्याने त्याचं बसणं-उठणं अवघड केलं होतं. घोडागाडीचे हिसके सोसत नव्हते, म्हणून १२ जुलैला पॅरिसजवळच्या पासी गावातून निघताना त्याला राणी मारी आंत्वानेतचा मेणा मिळाला, खेचरांनी वाहायचा. त्यात बसून तो ल आव्र बंदरापर्यंत गेला. गावाने आपला कर्ता पुरुष गमावल्यासारखं वाटलं, असं त्याच्या जागी आलेल्या जेफर्सनने लिहून ठेवलंय. हाच जेफर्सन, ‘फ्रँकलिनच्या जागी आलात का?’ असं विचारल्यावर म्हणाला होता की त्यांची जागा कोणी घेऊ शकत नाही, मी फक्त त्यांच्यानंतर आलोय.

वाटेत इंग्लंडच्या साउथहॅम्प्टन बंदरात चार दिवस मुक्काम पडला. तिथल्या दोन गोष्टी सांगतो. पहिली गमतीची. खाऱ्या गरम पाण्याच्या स्नानगृहात हा एकोणऐंशी वर्षांचा म्हातारा उताणा तरंगत राहिला आणि त्याला झोप लागली. घड्याळाप्रमाणे जवळजवळ तासभर झोपला, बुडाला नाही, कुशीवर वळला नाही. हे आपल्या हातून कधी होईल असं वाटलं नव्हतं, अशी नोंद त्याने स्वतःच्या रोजनिशीत केलीय. नऊ वर्षांची नोकरी अंगातून उतरते ती अशी. मीही शेवटचा चार्ज दिल्यावर विमानात सलग अकरा तास झोपलो होतो, जेवणाची ट्रॉली दोनदा येऊन गेली.

दुसरी गोष्ट गमतीची नाही. त्याचा मुलगा विल्यम तिथे भेटायला आला. विल्यम न्यू जर्सीचा गव्हर्नर होता आणि लढाईत इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिला होता. ही बापलेकांची शेवटची भेट. गळाभेटीच्या कथा कोणी सांगत नाही. न्यू जर्सीतली विल्यमची जमीन विल्यमच्याच मुलाच्या, टेंपलच्या नावावर करून घेतली, जुनी देणी-घेणी मिटवली, आणि २८ जुलैला जहाज हललं. पुढे मृत्युपत्रातही त्याने या मुलाला जवळजवळ काही ठेवलं नाही, आणि कारण स्पष्ट लिहिलं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की परत येणाऱ्या माणसाच्या घरात असा एखादा कोपरा हटकून असतो. कोणाचा मुलगा तिकडेच राहिलेला असतो, कोणाचं भावाशी शेतीवरून बोलणं बंद असतं. तुमच्या सूत्रसंचालकाला आधीच बजावा, ‘साहेबांचे चिरंजीव आज आपल्यात नाहीत, पण’ असलं काही माइकवर बोलायचं नाही. एका कार्यक्रमात हे वाक्य ऐकून बाईंनी पदर डोळ्याला लावला, आणि अर्ध्या सभेला वाटलं की मुलगा वारला. मुलगा टोरांटोत होता, धडधाकट.

आता मुख्य दिवस. जहाजाचं नाव ‘लंडन पॅकेट’, कप्तान ट्रक्स्टन. सात आठवड्यांच्या प्रवासात फ्रँकलिनने आत्मचरित्र पुढे न्यावं अशी मित्रांची इच्छा होती. त्याने लिहिलं ते जहाजांच्या बांधणीवर, धूर कोंडणाऱ्या चुलाण्यांवर आणि शेगडीवर, शिवाय अटलांटिकमधला उष्ण प्रवाह कुठून वाहतो हे पाण्याचं तापमान मोजून टिपत राहिला. १४ सप्टेंबर १७८५ ला सकाळी भरतीबरोबर हलका वारा सुटला, जहाज डेलावेअर नदीत वर सरकलं आणि समोर फिलाडेल्फिया दिसलं. पण उतरता येईना. नांगर टाकून थांबले. बंदरावरचा आरोग्य अधिकारी आला, जहाजावर आजार नाही ना हे त्याने पाहिलं, मग परवानगी दिली.

ही वाट बघणं मला फार आवडतं. राजांच्या पंगतीत बसून आलेला माणूस, पलीकडे त्याचं गाव, आणि मध्ये बंदरावरचा एक साधा अधिकारी. कोणी त्याला म्हटलं नाही की ‘ओळखत नाहीस का कोण आहेत ते?’

परवानगी मिळाल्यावर होडी घेऊन कोण आलं? शहराचा कोणी पदाधिकारी नाही, समिती नाही. जावई आला. रिचर्ड बाश याने सासऱ्याला होडीत घेतलं आणि मार्केट स्ट्रीटच्या धक्क्यावर आणलं. तिथे मात्र लोक लोटले होते. जयजयकार करत त्यांनी त्याला थेट घराच्या दारापर्यंत पोचवलं. देवळांच्या घंटा वाजल्या, तोफा उडाल्या. याच धक्क्यावर १७२३ मध्ये सतरा वर्षांचा पळून आलेला पोरगा म्हणून तो उतरला होता, आणि पावाचे तीन मोठे रोल विकत घेऊन, दोन काखोटीला मारून तिसरा खात याच रस्त्याने चालत गेला होता. रोजनिशीत त्या दिवसाची नोंद चार-पाच ओळींची आहे. घरची माणसं बरी आहेत आणि देवाची कृपा, इथे ती संपते. भाषणांचा उल्लेख नाही. मानपत्रं आली ती नंतरच्या दिवसांत, एकेक करून. विधानसभेचं, विद्यापीठाचं, त्याने स्वतः काढलेल्या फिलॉसॉफिकल सोसायटीचं, शिवाय पलटणीच्या लोकांचं. वॉशिंग्टनने अभिनंदनाचं पत्र त्याच महिन्यात लिहिलं.

म्हणून तुमच्या बेतात माझी पहिली दुरुस्ती ही की मिरवणूक आणि सत्कार एका दिवशी नको. येण्याचा दिवस घरच्यांचा. पुणे विमानतळावर किंवा स्टेशनवर समितीच्या चार गाड्या नेऊ नका. पुतण्याला किंवा जावयाला एक गाडी घेऊन जाऊ द्या. वेशीवर लोक जमले तर जमू द्यात, हलगी वाजू द्या, दारात भाकर-तुकडा ओवाळून आत घ्या. सत्कार दोन-तीन आठवड्यांनी ठेवा. तोवर झोपेचं वेळापत्रक ताळ्यावर येतं, खोकीही उघडतात.

खोक्यांबद्दल तुमच्या समितीत कोणी बोललं नसणार. जहाजाने येणारं घरसामान न्हावा शेव्याला उतरतं. परदेशातून कायमचं परतणाऱ्याला वापरलेल्या घरसामानावर कस्टममध्ये सवलत असते, पण त्यासाठी माणसाने स्वतः किंवा अधिकारपत्र दिलेल्याने पासपोर्टाच्या नोंदी, सामानाची यादी, तारखा हे सगळं दाखवावं लागतं. यादीत ‘किचन आयटेम्स, एक खोकं’ असं मोघम लिहिलेलं असेल तर खोकं फोडून बघतात. समितीतला एक तरुण पोरगा या कामाला द्या, ज्याला ऑनलाइन फॉर्म भरता येतो आणि जो मुंबईला दोन फेऱ्या मारायला कुरकुर करणार नाही. खरं स्वागत तो करेल, आणि व्यासपीठावर त्याचं नाव कोणी घेणार नाही.

बाकी कागदांची जंत्री मी इथे देत बसत नाही, पण चार गोष्टी हमखास अडतात. बँकेतलं अनिवासी खातं साधं करून घेणं. पेन्शन कुठल्या शाखेतून येते आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला कसा द्यायचा. गॅसचं कनेक्शन. आणि गाडी चालवायचा परवाना, जो बहुधा कधीचाच संपलेला असतो. एका साहेबांना हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत तीनदा जावं लागलं, कारण यंत्राला अंगठा उमटत नव्हता. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘आजोबा, दुसरं बोट बघू या का?’ ज्या हाताने करारांवर सह्या केल्या त्या हाताची दहाही बोटं एकेक करून यंत्रावर ठेवली. ते हसत होते, मला हसू येत नव्हतं. त्यांच्या घरी तेव्हा शालींचा ढीग होता. बाई मला म्हणाल्या, ‘भाऊ, एकोणीस शाली झाल्या. गॅसवाल्याकडे कोणाची ओळख आहे का ते सांगा.’

आता फ्रँकलिनचा हिशेब.

नऊ वर्षांत त्याच्या हातून लाखो लिव्हर (तेव्हाचं फ्रेंच चलन) गेले. सैन्याचे कपडे, बंदुका, कैद्यांची सुटका, जहाजांची दुरुस्ती, सगळ्यांच्या हुंड्या त्याच्याकडे वटायला यायच्या. वेगळा खजिनदार दिलेला नव्हता, नातू टेंपल हाच कारकून. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती सभेने, युरोपातले हिशेब तपासायला टॉमस बार्कली नावाचा माणूस नेमला. त्याने पॅरिसमध्ये फ्रँकलिनची वही ओळीन् ओळ तपासली. निघालं काय, तर काँग्रेसकडूनच फ्रँकलिनला ७,५३३ लिव्हर येणं होतं. आणि फ्रँकलिनने काढलेला आकडा व बार्कलीने काढलेला आकडा यांत फरक होता सात सूचा. वीस सूंचा एक लिव्हर. म्हणजे आपल्या भाषेत पस्तीस पैसे.

हिशेबनीस म्हणून सांगतो, असा ताळेबंद बघून टोपी काढावीशी वाटते. माझ्या एका दूतावासात सहा महिन्यांच्या पाहुणचाराच्या खात्यात याच्या शंभरपट घोळ असायचा.

पण ही तपासणी शेवटची नव्हती, मंजुरी काँग्रेसची लागायची. परतल्यावर फ्रँकलिनने टेंपलला हिशेबाचे कागद देऊन न्यूयॉर्कला धाडलं, कारण काँग्रेस तेव्हा तिथे भरत होती. उत्तर आलं की फ्रान्सहून आणखी काही कागद यायचेत. तो थांबला. मग एक भलतंच त्रांगडं निघालं. फ्रान्सच्या राजाने देणगी म्हणून तीस लाख लिव्हर दिल्याचा उल्लेख कागदात होता, अमेरिकेच्या वहीत वीसच लाख जमा. दहा लाख गेले कुठे? कुजबुज सुरू झाली. पुढे उलगडा झाला तो असा की ते दहा लाख जून १७७६ मध्ये, फ्रँकलिनने अजून फिलाडेल्फियाही सोडलं नव्हतं तेव्हा, अमेरिकेला चोरून शस्त्रं पुरवणाऱ्या ब्यूमार्शे या फ्रेंच नाटककाराच्या हातात गुपचूप दिलेले होते. पण हे उघड व्हायला १७९४ उजाडलं. फ्रँकलिन १७ एप्रिल १७९० ला गेला होता.

१७८८ च्या नोव्हेंबरात त्याने काँग्रेसच्या अध्यक्षाला पत्र लिहिलं. राग नाही, याचना नाही. तीन वर्षं झाली, काही आक्षेप असेल तर सांगा, मी जिवंत आहे तोवर खुलासा करीन, असा त्याचा सूर. महिन्याभराने काँग्रेसचा जुना सचिव आणि आपला मित्र चार्ल्स टॉमसन याला मात्र मन मोकळं केलं. केलेल्या कामाची यादी जोडली. इतर देशांत वकील (राजदूत) परत आला की त्याला काहीतरी मान-दान मिळतं, मला निदान पश्चिमेकडचा एखादा जमिनीचा तुकडा आणि नातवाला एखादी जागा मिळेल असं वाटलं होतं, असं लिहिलं. आणि त्यात त्याने कारणही दिलंय, जे सरकारी नोकरीत राहिलेल्या कोणालाही पटेल. सभा बदलत राहतात, जुने सदस्य जातात, नव्यांना मागच्यांनी काय केलं याची कल्पना नसते. आमच्याकडे याला ‘फाइल साहेबांबरोबर गेली’ म्हणतात.

हिशेब मंजूर झाला नाही, जमीन मिळाली नाही. टेंपलला जागाही मिळाली नाही. अंत्ययात्रेला वीस हजार माणसं होती. पॅरिसच्या राष्ट्रीय सभेने मिराबोच्या प्रस्तावावरून तीन दिवसांचं सुतक पाळलं. प्रतिनिधिगृहाने महिनाभर काळी फीत बांधायचं ठरवलं, सिनेटने नाही म्हटलं.

धक्क्यावरच्या लोकांनी जे द्यायचं ते दिलं होतं, त्यांच्याकडे कसली बाकी नव्हती. बाकी होती ती पाठवणाऱ्याकडे. तुम्ही म्हणाल, आम्ही नगरपालिकेचे नि वाचनालयाचे लोक, आमचा परराष्ट्र मंत्रालयाशी काय संबंध? दिल्लीचा हिशेब दिल्ली बघेल. पण गावाचाही एक हिशेब असतो. तिसऱ्या समितीत हे माझ्या लक्षात आलं. त्या साहेबांच्या वडिलोपार्जित घराच्या मागच्या बोळात नगरपालिकेनेच गटाराचं चेंबर त्यांच्या कुंपणात घुसवून बांधलं होतं. त्यांनी परदेशातून पाच पत्रं लिहिली होती, पोच एकाचीही नव्हती. मी म्हटलं, मानपत्रावर नगराध्यक्षांची सही घेण्याआधी या पाच पत्रांवर घ्या. घेतली. चेंबर हललं. सत्कारात साहेब आठ मिनिटं बोलले, त्यातली दोन मिनिटं चेंबरवर.

तुम्हीही आधी गुपचूप चौकशी करा. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे, सात-बाऱ्यावर वारसनोंद झालीय का, त्यांनी शाळेला किंवा देवळाला कधी देणगी दिली असेल तर तिची पावती गेलीय का. पस्तीस वर्षांत गावाने त्यांच्याकडून व्हिसासाठी, मुलांच्या प्रवेशासाठी, विमानतळावर न्यायला-आणायला किती कामं करून घेतली, तेही आठवा.

भेटवस्तूंचं सांगतो, कारण सत्काराच्या भाषणात यावरून घोटाळा होतो. फ्रँकलिनला निरोप देताना सोळाव्या लुईने आपलं छोटं चित्र दिलं होतं, भोवती ४०८ हिरे. परक्या राजाकडून नजराणा घ्यायला तेव्हाच्या कायद्यात मनाई होती, म्हणून त्याने ते काँग्रेससमोर ठेवलं आणि १७८६ मध्ये परवानगी मिळाल्यावरच ठेवून घेतलं. पुढे परदेशी नजराण्यांची मनाई अमेरिकेच्या राज्यघटनेतही आली आणि तिच्यावरच्या चर्चेत या प्रसंगाचा दाखला दिला गेला. मरताना चित्र मुलीला दिलं आणि अट घातली की हिरे काढून दागिने करायचे नाहीत. तिने दागिने केले नाहीत. बाहेरच्या कड्यातले हिरे विकले आणि नवऱ्याबरोबर युरोप बघून आली. मला तर यात काही चूक वाटत नाही.

आपल्याकडे हेच काम तोशाखाना करतो. राजदूताला पदामुळे मिळालेली मौल्यवान भेट परराष्ट्र मंत्रालयाच्या तोशाखान्यात जमा होते, ठराविक किमतीच्या आतलीच ठेवता येते, बाकीची हवी असेल तर नियमाने रक्कम भरून घ्यावी लागते. तेव्हा ‘अमक्या देशाच्या सुलतानाने साहेबांना रत्नजडित तलवार दिली’ असं निवेदकाने ठोकून दिलं की साहेबांचा चेहरा पडतो. दिली असेल, पण ती घरी नाही. ‘तलवार दाखवा ना’ म्हणत पोरं घरी येतात. असं झालेलं आहे.

मानपत्र आणि पत्रिकेबद्दल. ‘महामहिम’ लिहू नका, ते पदावर असतानाचं होतं. ‘माजी राजदूत’ पुरेसं आहे. राष्ट्रकुलातल्या देशात असतील तर ते राजदूत नव्हे, उच्चायुक्त होते, आणि राजधानीबाहेरच्या शहरातल्या कचेरीत असतील तर महावाणिज्यदूत. कुठल्या देशात कुठल्या हुद्द्यावर, हे त्यांच्याकडूनच लिहून घ्या. देशांची नावं बदललेली असतात, झायरचं काँगो झालंय. बाईंचं नाव पत्रिकेत हवंच, आणि ‘सौ.’ एवढं लिहून मोकळं होऊ नका. दूतावासातली निम्मी मेजवानी त्यांनी उभी केलेली असते, तीही पगाराशिवाय.

साहेबांना न विचारता कुठलंही पद जाहीर करू नका. जेफर्सन १७८९ च्या नोव्हेंबरात परत आला तेव्हा त्याला परराष्ट्रमंत्री केल्याचं वर्तमानपत्रातून कळलं होतं, आणि तो तर परत पॅरिसला जायच्या विचारात होता. फ्रँकलिनचं त्याहून कठीण. त्याच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात दोन गट एकमेकांच्या उरावर बसलेले, दोघांनाही म्हातारा हवा होता. महिन्याभरात त्याला राज्याच्या कार्यकारी परिषदेचा अध्यक्ष करून टाकलं. तीन वर्षं तो त्या खुर्चीत राहिला, पगार दानधर्माला दिला, आणि मित्राला लिहिलं की माझं मांस खाऊन झालंय, आता हाडं चोखायला बसलेत. १७८७ ला घटना परिषदेलाही गेला, तेव्हा तुरुंगातले कैदी त्याची मेण्यासारखी खुर्ची वाहून न्यायचे असं सांगतात. खूश होता, हेही खरं. लोकांना आपण हवे आहोत हे त्याला आवडायचं, ते त्याने लपवलं नाही. पण निवडणूक जवळ आली असेल तर तुमच्या गावातले दोन्ही गट काय करतील, हे मला इथून दिसतंय. व्यासपीठावर दोघांनाही समोरासमोर बसवा किंवा दोघांनाही पहिल्या रांगेत खाली. एकाला वर, एकाला खाली असं नको.

आपल्या इतिहासात परतणाऱ्या वकिलाचं स्वागत कसं झालं, असं कोणी भाषणात घालायचं म्हणत असेल तर जपून. फ्रँकलिन पॅरिसात होता त्याच सुमारास, १७८१ मध्ये, राघोबादादांनी हणमंतराव नावाचा ब्राह्मण वकील लंडनला धाडला होता, बरोबर मणियार हे पारशी बापलेक. हणमंतरावाला स्वयंपाकाची नि सोवळ्याची अडचण, म्हणून ब्रिटिश खासदार एडमंड बर्कने आपल्या बेकन्सफील्डच्या घरी झाडांसाठी बांधलेलं काचगृह त्याला मोकळं करून दिलं. परक्याने ही सोय केली. राघोबादादांचे वकील परतले तेव्हा आपल्या लोकांनी मात्र समुद्र ओलांडल्याचं पाप काढलं आणि सोन्याच्या योनीतून पुनर्जन्म घेऊन शुद्ध व्हायला लावलं, असं कंपनीच्या नोकरीतल्या एका अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय. हलगी आणि भाकर-तुकडा त्यापेक्षा कितीतरी बरा.

घराचं एक राहिलं. फ्रँकलिनने मार्केट स्ट्रीटजवळ बांधलेलं घर पुरं व्हायच्या आत तो १७६४ ला लंडनला गेला होता. बायकोने, डेबोराने, ते लावून घेतलं आणि १७७४ मध्ये ती गेली, तेव्हाही हा तिकडेच. मधल्या काळात जेमतेम दीड वर्ष तो त्या घरात राहिला. इंग्रजांचं सैन्य शहरात होतं तेव्हा तिथे राहिलेल्या मेजर आन्द्रेने भिंतीवरचं फ्रँकलिनचं चित्रही उचलून नेलं. परतला तेव्हा घर लेकीच्या मुलांनी भरलेलं, काहींना तो पहिल्यांदाच बघत होता. ऐंशीव्या वर्षी त्याने गवंडी बोलावले, दोन डझन माणसं जेवतील अशी खोली आणि वर पुस्तकांची खोली काढली. चार हजारांवर पुस्तकं होती, वरच्या फळीवरचं काढायला लांब दांड्याचा चिमटा स्वतः बनवला. दुपारी तुतीच्या झाडाखाली बसायचा.

तुमच्या साहेबांच्या खोक्यांतही निम्मी पुस्तकंच निघतील, माझ्या अनुभवात चुकत नाही. ती वाचनालयाला द्या म्हणून पहिल्या महिन्यात कोणी मागू नका. त्याऐवजी सुताराचा नंबर द्या, आणि सुतार खरोखर येईल असा द्या. भिंतीला ओल आहे का ते आत्ताच, ते यायच्या आधी, बघून ठेवा. पावसाळा तोंडावर आहे. तारखा ठरल्या की कळवा, सामानाच्या यादीचा माझ्याकडचा जुना नमुना पाठवतो.